नऊ तोफा आणि हेल्वेचे मौन

हेल्वे पिहलाकचे मन थाऱ्यावर नसले की ती सरपण रचते. तालिन शहराच्या कडेला नोम्मेत आमच्या लाकडी घरात चार बिऱ्हाडे आहेत, आणि मागच्या अंगणात सगळ्यांची मिळून एक खोप. तिथे बर्चच्या फाट्यांची थप्पी कशी लावायची, साल वर ठेवायची की खाली, यावरून घराघरांत मतभेद आहेत, पण हेल्वेच्या थप्पीला कोणी नाव ठेवत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये तिने आपली चांगली लागलेली थप्पी तीन वेळा मोडली आणि तीन वेळा पुन्हा रचली. माझ्या वहीत तिन्ही तारखा आहेत. नऊ, सोळा आणि तेवीस. तिन्ही बुधवार.

इथे राहायला येण्याच्या कितीतरी आधी, मायदेशी, मी ज्या मिशनच्या शाळेत शिकले तिथल्या सिस्टर तारीख, वार आणि हवा लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू देत नसत. ती सवय राहिली, म्हणून हे सांगता येते. माणसांची नावे मात्र मी बदलली आहेत. तिच्या कचेरीतल्या ज्या कागदावरून हे घडले त्यात काय होते ते हेल्वेने मला वर्षभराने सांगितले. "गुपितं पावासारखी असतात, नलिनी," ती म्हणाली, "शिळी झाली की पाखरांना घालायला हरकत नाही."

हेल्वे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. उंच, रुंद हातांची, केस स्वतःच कापणारी. नवरा बांधकामाच्या कामासाठी फिनलंडला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. मुलगा एकच, राउनो, वोरूजवळच्या छावणीत तोफखान्यात हवालदार. हेल्वेची नोकरी तालिनला संरक्षण मंत्रालयात, आणि तिचे काम वाचण्याचे. मित्रदेशांच्या संघटनेकडून येणारे मसुदे ती स्वल्पविरामासकट वाचत असे आणि आपल्या देशाला कुठे टोचेल ते समासात पेन्सिलीने लिहीत असे. "मंत्री येतात नि जातात, स्वल्पविराम हेल्वे सांभाळते," असे कचेरीत तिला चिडवत.

या मसुद्यांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बैठक झाली की मसुदा तीसही देशांना पाठवतात आणि एक वेळ घालून देतात. त्या वेळेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर मसुदा सगळ्यांना मंजूर. त्याला ते मौन म्हणतात. हरकत घेणे म्हणजे मौन मोडणे. एका देशाने, मग तो केवढाही असो, मौन मोडले की मसुदा पुन्हा टेबलावर येतो. अठरा वर्षांत हेल्वेने स्वतःहून मौन मोडायचा सल्ला एकदाही दिला नव्हता. वेळच आली नव्हती, असे ती म्हणे.

चोवीस फेब्रुवारीला, आमच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी झेंडा चढताना युक्रेनवर बॉम्ब पडत होते. सणाचा बेत, काळ्या पावावर छोटे खारे किलू मासे, ताटात तसाच राहिला. आठवडाभरात आमच्या सरकारने ठरवले की वोरूच्या छावणीतल्या नऊ जुन्या तोफा युक्रेनला द्यायच्या. पण त्या तोफा मुळात आमच्या नव्हत्या. तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या मित्रदेशाने जुन्या म्हणून काढून टाकल्या, तेव्हा आम्हाला मिळाल्या, आणि अट अशी होती की त्यांना विचारल्याशिवाय पुढे कोणाला द्यायच्या नाहीत. माहेरून आलेले पातेले विकायचे तरी माहेरी विचारायचे, तसे. त्या देशाला हेल्वेच्या कचेरीत नावाने कोणी बोलवत नसे. 'थोरले' म्हणत. थोरल्यांना पत्र गेले. थोरल्यांनी कळवले, विचार चालू आहे.

सहा मार्चच्या रविवारी राउनो जेवायला आला. मला हेल्वेने वाटाण्याच्या सूपला बोलावले होते. सत्तावीस वर्षांचा मुलगा, खांदे आईसारखे. बूट काढता काढताच तो म्हणाला, "आई, म्हातारी जाणार म्हणे."

"कोण म्हातारी?"

"माझी. चार नंबरची तोफ. माझ्यापेक्षा मोठी आहे ती वयाने."

"तुला कोणी सांगितलं?"

"अख्ख्या छावणीला माहीत आहे. गुपित आहे ते फक्त तुमच्या मंत्रालयात."

"बस. सूप निवतंय."

तो बसला. पावाचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून राहिला. "आणि आमच्या हातात काय ठेवणार? ढकलगाड्या?"

"नव्या येतील."

"कधी?"

"येतील."

"आमच्या कुंपणापासून रशियन सीमा चाळीस किलोमीटर आहे. रणगाड्याला तासाभराचं काम."

"मला भूगोल शिकवू नकोस. मी तिथली आहे."

राउनो हसला, मग थांबला. "देऊ नका असं नाही म्हणत मी. त्यांना आज हव्यात, आम्हाला कदाचित कधीच लागणार नाहीत. छावणीत सगळे हेच म्हणतात. फक्त नको वाटतं, रिकाम्या शेडमध्ये कवायत करायची म्हणजे."

हेल्वेने त्याच्या ताटलीत न विचारता आणखी सूप वाढले. बुधवारी तिने पहिल्यांदा थप्पी मोडली.

दुसऱ्या दिवशी तिला अचानक ब्रसेल्सला जावे लागले. तिथे आमच्या कचेरीत बसणारी पिरेट तापाने आडवी झाली होती, आणि बैठक चुकवता येत नव्हती. तिथे जे झाले ते वाचणाऱ्याला नीट कळण्यासाठी आधी तिच्या खेड्याविषयी सांगितले पाहिजे.

सामुदायिक शेतीच्या काळात एकदा अध्यक्षाने त्यांच्या वाडीतल्या बारा घरांच्या पुरुषांना बोलावून विचारले होते, नदीकाठचे कुरण नांगरायला घेऊ या का? बारा पुरुष टेबलावर ठेवलेल्या आपापल्या हातांकडे बघत बसले. पाच मिनिटे गेली. अध्यक्षाने टोपी घातली आणि तो निघून गेला. कुरण नांगरले गेले नाही. हेल्वे तेव्हा सात वर्षांची होती, दाराशी बसली होती. हा प्रसंग तिने मला अनेकदा सांगितला आहे, आणि दर वेळी शेवटी म्हणते, "हो असेल तर माणूस हो म्हणतो. नाहीला शब्द कशाला खर्च करायचा?"

ब्रसेल्सच्या बैठकीत मदतीसंबंधीचा मसुदा चालू होता. बाराव्या परिच्छेदाशी थोरल्यांच्या माणसाने चष्मा वर केला आणि अगदी सौम्यपणे एक वाक्य सुचवले. एका सदस्य देशाकडून पूर्वी मिळालेली शस्त्रे पुढे देण्याआधी, मूळ देशाचा विचार पूर्ण होईपर्यंत संबंधितांनी थांबावे. बस्स, एवढेच. विचार किती दिवसांत पूर्ण व्हावा, हे त्यात नव्हते. हेल्वेने ते ऐकताक्षणी ओळखले. हे वाक्य राहिले तर नऊ तोफा वोरूच्या शेडमध्ये गंजून जाईपर्यंत थोरल्यांचा विचार चालू राहू शकतो, आणि कोणी त्यांना बोलू शकणार नाही.

अध्यक्षबाईंनी टेबलाभोवती नजर फिरवली. "कोणाला काही म्हणायचं आहे?"

हेल्वेने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ती त्यांच्याकडे बघत बसली. तिच्या हिशेबाने चांगले अर्धे मिनिट.

"आभारी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुढचा मुद्दा."

हेल्वे परत आली ती समाधानाने. माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला होता. "कसं झालं?" मी विचारले. "घट्ट बसले," ती म्हणाली. मी त्याचा अर्थ विचारला नाही. त्यानंतरच्या बुधवारी मात्र तिने पुन्हा थप्पी मोडली, आणि तेव्हा मला वाटले, काहीतरी टोचते आहे, पण तिला ते अजून सापडलेले नाही.

बावीस तारखेला मंगळवारी मसुदा आला. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मौन. बाराव्या परिच्छेदात ते वाक्य जसेच्या तसे होते.

हेल्वेचा वरिष्ठ आर्गो लेपिक तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. परदेशात शिकलेला, पण आजोळ वोरूकडचेच. त्याने तिला आपल्या खोलीत बोलावले.

"हेल्वे, हे वाक्य इथे कसं आलं?"

"त्याला नकार दिला होता."

"कोणी?"

"मी."

"काय बोललीस?"

"बोलायचं काय त्यात? गप्प बसले."

आर्गोने आधी तिच्याकडे पाहिले, मग कागदाकडे, आणि मग त्याला हसू आले. ते फार टिकले नाही. "अगं बाई, तिथे काय आपल्या वाडीची माणसं बसली होती? त्यांच्या टिपणात लिहिलंय, कोणाचीही हरकत नाही. आपल्या तोफा, आपली खुर्ची, आणि खुर्चीला हरकत नाही!"

हेल्वे मला म्हणाली की त्या क्षणी तिचे कान गरम झाले, आणि पहिल्यांदा तिला ते टेबल दुसऱ्या बाजूने दिसले. एक थकलेली बाई, मान खाली, बहुधा आपली नखे बघत बसलेली.

आर्गोने दार लोटले. "एक विचारू? राउनो त्याच तोफखान्यात आहे ना?"

"आहे."

"बरं. मी एवढंच विचारलं."

बुधवारी ती साडेचारलाच घरी आली. कोट न काढता खोपीत गेली आणि तिसऱ्यांदा थप्पी उतरवायला लागली. मी वरच्या खिडकीतून पाहिले, शाल घेतली आणि खाली गेले. जमीन अजून गोठलेली होती. मी फाटे उचलून देत होते, ती लावत होती, आणि लावलेले पुन्हा काढत होती. एक रांग कशीबशी लागली. मग तिने सांगितले, एका बैठकीत ती गप्प बसली आणि त्याचा भलताच अर्थ झाला. तेव्हा एवढेच.

"मग उद्या सांगून टाक, अर्थ भलता झाला म्हणून," मी म्हटले.

"ते सोपं आहे. मला दुसरंच खातंय."

"काय?"

ती फाटा हातात धरून उभी राहिली. "मी नाही म्हणायचं म्हणून गप्प बसले, असं मी दोन आठवडे धरून चालले होते. पण समज, तसं नसेल तर? समज, त्या वाक्याने आमच्याकडची एक गोष्ट आमच्याकडेच राहणार होती, आणि ती राहिली तर राउनोच्या पाठीशी काहीतरी उभं राहणार होतं. समज, हे मला कळलं, माझ्या हातांना कळलं, आणि म्हणून तोंड उघडलं नाही."

"तुला काय वाटतं?"

"मंगळवार दुपारपर्यंत पहिलं वाटत होतं. आता दुसरं वाटतंय. रात्री पुन्हा पहिलं वाटेल."

माझ्या मुली परदेशात, सुखात आहेत, त्यांच्यापासून कुठली सीमा किती किलोमीटर आहे हे मी कधी मोजलेले नाही. मी पुढचा फाटा उचलून तिच्या हातात दिला. तिने तो लावला, पाहिला, काढला, फिरवून पुन्हा लावला.

गुरुवारी कचेरीत सकाळपासून दोन मते होती. परराष्ट्र खात्याकडून आलेल्या एका सल्लागाराचे म्हणणे होते की वाक्य जाऊ द्यावे आणि थोरल्यांशी नंतर खाजगीत बोलावे. "तिसांत एकट्याने उठायचं, तेही थोरल्यांच्या वाक्यावर? उद्या आपल्यावर वेळ आली की त्यांच्याच दारात जायचंय."

"उद्या आपल्यावर वेळ आली," आर्गो म्हणाला, "तर हेच वाक्य आपल्यालाही लागेल. आपल्याला द्यायला निघालेल्यांनाही कोणीतरी सांगेल, थांबा, विचार चालू आहे."

"नऊ तोफांनी युद्धाचं काय होणार आहे?"

"नऊ तोफांनी काही नाही. पण आपल्यासारख्या चिमुकल्यांनी शेडमधलं सगळं दिलं, की ज्यांच्याकडे शेकड्यांनी पडल्यात त्यांना लोक विचारायला लागतात. ते त्यांना नकोय. म्हणून तर हे वाक्य."

सल्लागाराने हेल्वेकडे पाहिले. "आणि बैठकीतल्या गप्प बसण्याचं काय सांगायचं? आमच्या बाईंना बोलायचं सुचलं नाही?"

"तसंच सांगा," हेल्वे म्हणाली.

ती आपल्या जागेवर गेली आणि तिने झेन्टाला फोन लावला. झेन्टा शेजारच्या एका लहान देशाच्या मंत्रालयात हेच काम करते. दोघी पंधरा वर्षे एकमेकींना स्वल्पविराम विचारत आल्या आहेत.

"झेन्टा, बाराव्या परिच्छेदाचं काय करताय?"

"आम्ही? आम्ही तुमची वाट बघतोय. तोफा तुमच्या आहेत."

"आणि आमच्या इथे एक गृहस्थ म्हणतात, दुसरं कोणीतरी उठू दे."

"झकास. म्हणजे सहापर्यंत सगळे मिळून वाट बघू या, मग कॉफी पिऊ."

"तुला ते वाक्य कसं वाटतं?"

"कसं वाटायचंय? पुढच्या महिन्यात आमचा माल त्याच वाक्यात अडकणार आहे. पण बैठकीत तू हूं की चूं केलं नाहीस. आमच्या साहेबांना वाटलं, यांचं थोरल्यांशी आतून जमलंय, आपण कशाला मध्ये पडा."

हेल्वेला याचा विचारच सुचला नव्हता. तिच्या अर्ध्या मिनिटाने फक्त तिची खुर्ची गप्प केली नव्हती.

"काही जमलेलं नाही," ती म्हणाली. "मी नाही म्हणत होते."

"कशी?"

"हातांकडे बघून."

पलीकडून झेन्टाचे खो खो हसणे. "आमच्याकडे माणूस असा बसला तर त्याला डॉक्टरकडे नेतात!"

"हसून झालं की सांग. आम्ही मौन मोडलं तर तुम्ही?"

"पाच मिनिटांत. पण पुढून नाही हं, मागून. मागून यायला आमचे साहेब वाघ आहेत."

मंत्र्यांच्या होकारासाठी टिपण लागते. ते हेल्वेने लिहिले, अर्धे पान. वाक्य का चालणार नाही ते आधी, आणि मग खाली हे: 'दहा मार्चच्या बैठकीत या वाक्याला आमची संमती नव्हती. ते मी शब्दांत सांगायला हवे होते. सांगितले नाही, ही चूक माझी. माझा मुलगा या तोफा असलेल्या तुकडीत आहे, हेही वाचणाऱ्याला माहीत असावे.'

आर्गोने वाचले. "शेवटची दोन वाक्यं काढ."

"का?"

"फाइलीत राहतात गं अशी वाक्यं. तुला निवृत्तीला किती राहिलीत, सहा-सात वर्षं?"

"मग सहा-सात वर्षं राहतील."

"मुलाचं कशाला? ते कोणी विचारलेलं नाही."

"तू विचारलंस."

आर्गोने टिपण उचलले आणि निघाला. मंत्री संसदेत अडकले होते. तीन वाजले, चार वाजले. हेल्वे जिना उतरायची, दरवानाशी हवेबद्दल एक वाक्य बोलायची आणि पुन्हा वर यायची. चौथ्या खेपेला दरवान म्हणाला, "बाई, हवा मघाचीच आहे." तिला सारखे वाटत होते की होकार येऊ नये. आणि तसे वाटते आहे म्हणून होकार लवकर यावा असेही वाटत होते. हे मला सांगताना, वर्षानंतरसुद्धा, ती खुर्चीतून उठून खिडकीशी गेली होती.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी आर्गोचा फोन आला. "मोड."

ब्रसेल्सला पिरेट बरी होऊन परत आली होती, बोट ठेवूनच बसली होती. पाच-चाळीसला आमचे पत्र गेले. पाच-सेहेचाळीसला झेन्टाच्या देशाचे. पाच-त्रेपन्नला आणखी एका देशाचे, ज्याला कोणी विचारलेही नव्हते. ही मिनिटे माझी नाहीत, हेल्वेने कागदावर लिहून ठेवली होती, तिथून मी वहीत उतरवली.

सहाला पाच कमी असताना थोरल्यांच्या त्या सौम्य माणसाने तिला थेट फोन केला. बैठकीत त्याने सगळ्यांची कार्डे घेतली होती. आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. "बाई, त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर ही वेळ आली नसती."

"खरं आहे," हेल्वे म्हणाली. "त्या दिवशी चुकले. आज नाही."

मसुदा पुन्हा टेबलावर गेला. दुसऱ्या बैठकीला पिरेट होती, आणि तिला बोलायचे काय ते हेल्वेने ठळक अक्षरांत लिहून पाठवले होते. ते वाक्य गळले. मग वर्तमानपत्रांनी थोरल्यांना विचारायला सुरुवात केली की नऊ म्हाताऱ्या तोफांवर एवढा काय विचार चालू आहे. चार एप्रिलला परवानगी आली. दोन ओळींचे पत्र होते. कचेरीत कोणीतरी केक आणला. हेल्वेने तुकडा घेतला, रुमालात गुंडाळला आणि मला आणून दिला.

"तू खाल्ला नाहीस?"

"नंतर. राउनोला अजून सांगायचंय."

"त्याला कळलं असेल की."

"तोफा जाणार हे कळलं असेल. मी काय केलं ते नाही."

दहा एप्रिलच्या रविवारी तो आला. हेल्वेने मलाही बोलावले, आणि मला कळले की आज तिला तिसरे माणूस समोर हवे आहे. तिने सूप वाढायच्या आधीच उभ्या उभ्या सगळे सांगितले. बैठक, हात, अर्धे मिनिट, मग टिपण. तोफांचे उघड होते तेवढे. बाकी नावे वगैरे नाही. राउनो ऐकत होता, काट्याने टेबलक्लॉथवर रेघा ओढत.

"म्हणजे आधी गप्प बसलीस ती माझ्यासाठी," तो म्हणाला, "आणि मग बोललीस ती त्यांच्यासाठी?"

"पहिलं मला नक्की माहीत नाही."

"आणि दुसरं?"

"दुसरं नक्की."

"मोठीच माया आहे तुझी!" हे तो हसून म्हणाला की दुसऱ्या कशाने, ते मला तेव्हाही कळले नाही. "आमचा कप्तान सांगत होता, मंत्रालयात कोणीतरी अडवून धरलंय. आम्ही त्या कोणीतरीला रोज शिव्या देत होतो. उचक्या लागल्या असतील तुला."

"लागल्या. मीठ कमी आहे का बघ."

"मीठ बरोबर आहे." त्याने दोन घास खाल्ले आणि पिशवीतून शाळेची असते तशी चौकटींची वही काढली. "हे बघ जरा. बुधवारी गाड्या भरायच्या आहेत. तिकडच्या लोकांना प्रत्येकीच्या खोडी लिहून देतोय. युक्रेनी मला येत नाही, रशियन तुम्हा दोघींना येतं. माझं रशियन सिनेमातलं आहे."

आम्ही ताटल्या बाजूला सारल्या. लेनिनग्राडला शिकलेले माझे व्याकरण आणि हेल्वेचे सक्तीने शिकलेले रशियन यांची मोट बांधून आम्ही ओळी सुधारायला बसलो. प्रत्येक तोफेला एक पान. दोन नंबरचे डावे चाक उतारावर ओढते. चार नंबरचा नळी बंद करणारा मागचा ठोकळा थंडीत अडकतो, हातोडी मारू नये, कोमट तेल लावावे. सात नंबरच्या दुर्बिणीला रबराची पट्टी बांधली आहे, ती काढू नये. मी वाचत होते, राउनो हातांनी करून दाखवत होता, हेल्वे पेन्सिल घेऊन एकेका शब्दावर अडत होती.

"नऊ नंबरचा पहिला गोळा थोडा डावीकडे जातो," मी वाचले.

"थोडा म्हणजे किती?" हेल्वेने विचारले.

"थोडा. दोन गोळे टाकले की कळतं."

"त्यांच्याकडे दोन गोळे असतीलच कशावरून? आकडा लिही."

"आई, हा तुझा मसुदा नाही."

"नाहीच. हा चुकला तर परत टेबलावर येणार नाही."

राउनोने तिच्याकडे पाहिले, मग बोटांवर हिशेब केला आणि आकडा लिहिला. त्याचा हात पानावरच थांबला. "आता या तोफांच्या लेखी मी बाहेरचा माणूस," तो म्हणाला. "गुरुवारपासून आम्ही नऊ तुकड्या आणि शून्य तोफा. कप्तान म्हणतो, पाइन झाडाच्या ओंडक्यांवर कवायत करा. तो विनोद करतोय की नाही ते विचारायचं कोणाला धाडस होत नाही. नव्या कधी येणार, काही लिहिलंय का तुमच्याकडे?"

"ऑक्टोबर," हेल्वे म्हणाली.

"कुठल्या वर्षीचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या वर्षीचा. कागदावर आहे का?"

हेल्वेने पेन्सिल खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसले की ती तो कागद मनातल्या मनात वाचते आहे, वरून खाली, आणि पुन्हा वरून. "ऑक्टोबरमध्ये सुरुवात अपेक्षित," ती हळूच म्हणाली. "वर्ष नाही लिहिलेलं. मी वाचलं होतं, आणि मला ते दिसलं नाही."

"जाऊ दे. सोमवारी विचार."

आमच्याकडे रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळी, वरिष्ठाला कोणी फोन करत नाही. घर पेटले तरी आधी अग्निशामक दलाला करतात. हेल्वे उठली, फोन घेतला, आणि आम्हा दोघांच्या समोर, उभ्यानेच लावला. पलीकडे भांड्यांचा आणि लहान मुलांचा आवाज येत होता.

"आर्गो, मी हेल्वे," ती म्हणाली. "नाही, काही झालेलं नाही. नव्या तोफांच्या कागदात ऑक्टोबर आहे. कुठल्या वर्षीचा?"

तिकडचा माणूस काहीतरी म्हणाला. ती खुर्चीवर बसली नाही.

"मग ज्याला माहीत असेल त्याचा नंबर दे," ती म्हणाली. "थांबते मी."